मोडल्या नाकांचा कारागीर

आपल्या भाषेत माणसाची सगळी अब्रू नाकात साठवलेली आहे. ते कापले जाते, वर होते, खाली जाते, मुठीत धरावे लागते, प्रसंगी घासावे लागते. काही मंडळी तर नाकाने कांदेही सोलतात! मुलगी पाहून आलेल्या मंडळींना पहिला प्रश्न विचारला जायचा तोही नाकी-डोळी कशी आहे हाच. डोळ्यांच्याही आधी नाक. आणि नकटीच्या लग्नाला किती विघ्ने येतात याची मोजदाद तर आपल्या पूर्वजांनी करूनच ठेवली आहे. चेहऱ्याच्या मधोमध असलेला हा हाडा-कुर्चांचा छोटासा उंचवटा वाकडा झाला, बसका झाला किंवा नको तेवढा मोठा झाला, की माणसाच्या आयुष्यात काय उलथापालथ होते हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

हे दुःख शरीराचे की मनाचे? आणि त्यावर डॉक्टरने सुरी चालवावी की नाही? सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमधल्या एका तरुण डॉक्टरने या प्रश्नाचे उत्तर दिले आणि त्यापायी नोकरी गमावली. पुढे त्याच शहरात तो ‘नाकवाला जोसेफ’ म्हणून घरोघरी ओळखला जाऊ लागला.

याकोब जोसेफचा जन्म ६ सप्टेंबर १८६५ रोजी प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरी झाला. तत्त्वज्ञ कांटचे हे गाव. आज ते रशियात आहे आणि कालिनिनग्राद नावाने ओळखले जाते. वडील इस्रायल जोसेफ हे ज्यू धर्मगुरू, म्हणजे रब्बी. घरात धर्मग्रंथांचे वातावरण. मुलगा मात्र शिकायला बर्लिनला गेला आणि तिथेच रमला. विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा अभ्यास करता करता त्याने याकोबचा ‘जाक’ केला. फ्रेंच वळणाचे, शहरी, फॅशनेबल नाव!

त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांत तलवारीच्या द्वंद्वांचे भारी वेड होते. डोळे आणि मान झाकायची, गाल उघडे ठेवायचे आणि समोरासमोर उभे राहून वार झेलायचे. गालावर उमटलेला व्रण हा पुरुषार्थाचा दागिना मानला जाई. कधी कधी नाकाचा शेंडाही उडे, पण तो भाग फारसा मिरवण्यासारखा नसे. (डेन्मार्कचा थोर ज्योतिषी टायको ब्राहे १५६६ साली अशाच एका द्वंद्वात नाकाचा तुकडा गमावून बसला आणि जन्मभर धातूचे नाक लावून ग्रह-तारे मोजत राहिला. ते सोन्या-चांदीचे होते अशी आख्यायिका होती. २०१० साली त्याचे थडगे उघडून तपासणी झाली, तेव्हा ते साधे पितळेचे निघाले.) जाक जोसेफच्या गालावरही अशा द्वंद्वाची खूण होती. ज्याने पुढे हजारो चेहऱ्यांवरच्या खुणा पुसल्या, तो स्वतःच्या गालावरचा व्रण मात्र अभिमानाने बाळगून होता. तो व्रण त्याला आपण इतरांसारखेच जर्मन असल्याची ग्वाही देत असावा.

१८९० मध्ये पदवी मिळाल्यावर जोसेफ यांनी काही काळ साधा दवाखाना चालवला. पण मन रमेना. १८९२ साली ते प्राध्यापक युलिउस वोल्फ यांच्या अस्थिरोग चिकित्सालयात मदतनीस म्हणून लागले. वोल्फ हे मोठे नाव. हाडावर जसा भार पडतो तसे हाड आतून आपली घडण बदलते, हा त्यांनी मांडलेला नियम आजही अस्थिरोगाच्या पुस्तकात त्यांच्याच नावाने शिकवला जातो. वाकडे पाय, खुबे, मणके सरळ करणे हे या चिकित्सालयाचे काम. वाईट जुळलेले हाड पुन्हा मोजूनमापून कापायचे, योग्य जागी आणायचे आणि ते जुळेपर्यंत जखडून ठेवायचे, हा अस्थिशल्याचा मूलमंत्र जोसेफ तिथे शिकले. तो त्यांना पुढे कुठे उपयोगी पडणार होता, याची कल्पना ना गुरूला होती ना शिष्याला.

१८९६ साली एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचे कान सुपासारखे पुढे आलेले. शाळेत पोरे इतकी चिडवत की तो शाळेत जायलाच तयार नव्हता. तसे पाहिले तर मुलगा ठणठणीत होता. कान दुखत नव्हते, ऐकू उत्तम येत होते. जोसेफ यांनी आईचे म्हणणे ऐकून घेतले, शस्त्रक्रियेची आखणी केली आणि कान मागे वळवून बसवले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, मूल शाळेत जाऊ लागले. जोसेफ यांनी उत्साहाने बर्लिनच्या वैद्यक मंडळासमोर ही हकीकत सादर केली.

आणि वोल्फसाहेबांनी त्यांना कामावरून काढून टाकले! अशी शस्त्रक्रिया परस्पर केलीच कशी, हा त्यांचा राग. त्या रागामागचा विचार आपण समजून घेतला पाहिजे. त्या काळी शस्त्रक्रिया ही जीव वाचवण्यासाठी किंवा अपंगत्व दूर करण्यासाठी पत्करायची जोखीम होती. जंतुसंसर्ग झाला तर त्याला आवर घालणारी औषधे अजून चाळीस-पन्नास वर्षे दूर होती. निरोगी मुलाला केवळ दिसण्यासाठी टेबलावर घ्यायचे? उद्या काही बरेवाईट झाले तर? वोल्फ यांचा प्रश्न अगदीच चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण ज्या मुलाने शाळा सोडली होती त्याला निरोगी तरी कसे म्हणायचे, हा जोसेफ यांचा प्रश्न मला अधिक खोल वाटतो.

नोकरी गेली, पण कानांची बातमी पसरली. जानेवारी १८९८ मध्ये २८ वर्षांचा एक जमीनदार जोसेफ यांच्याकडे आला. त्याचे नाक फार मोठे होते. रस्त्याने चालताना लोक वळून पाहत, हसत, बोटे दाखवत. माणूस घराबाहेर पडेनासा झाला होता. कानांचे होऊ शकते तर नाकाचे का नाही, एवढाच त्याचा सवाल. जोसेफ यांनी घाई केली नाही. आधी एका मृतदेहावर तशी शस्त्रक्रिया करून पाहिली, हिशेब जुळतो याची खात्री केली आणि मगच सुरी हाती घेतली. त्या वर्षीच्या ११ मे रोजी त्यांनी वैद्यक मंडळासमोर हा रुग्ण उभा केला. नाक लहान झाल्याचे तर सगळ्यांना दिसतच होते. जोसेफ यांनी भर दिला तो वेगळ्याच गोष्टीवर. हा माणूस आता लोकांत मिसळतो, त्याची उदासी गेली आहे आणि त्याच्या आईवडिलांना-सोयऱ्यांना वाटते तसे हे नुसते रूपाचे खूळ नव्हते, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

त्यांच्या आधी हे कुणी केलेच नव्हते असे नाही. अमेरिकेत रॉचेस्टर गावी जॉन ऑर्लँडो रो या डॉक्टरांनी १८८७ सालीच नाकाच्या आतून छेद घेऊन बसके, फुगीर शेंड्याचे नाक सुधारले होते. जोसेफ यांचे पहिले छेद बाहेरून होते, त्यांचे व्रण राहत. काही वर्षांतच, १९०४ च्या सुमारास, तेही नाकपुडीच्या आतून काम करू लागले. श्रेय कुणाचे, यावर पुढे शास्त्रीय मासिकांत बरीच हमरीतुमरी झाली. पण एकेक शस्त्रक्रिया जमणे वेगळे आणि त्याचे शास्त्र उभारणे वेगळे. ते दुसरे काम जोसेफ यांनी केले.

नाकाच्या या इतिहासात पुण्याचा मान फार जुना आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा बैल हाकणारा पकडला गेला, त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. आधी मेणाचा साचा उरलेल्या नाकावर बेतायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ आखायची, तेवढी कातडी सोलून भुवयांच्या मध्ये देठाशी जोडलेली ठेवायची आणि पीळ देऊन खाली नाकावर आणायची. वर पट्ट्या लावायच्या त्या कशाच्या? विड्यात घालतो त्या काताच्या! इंग्रज डॉक्टर क्रूसो आणि फिंडले यांनी हा प्रकार पाहिला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि चार वर्षांनी, १८१८ मध्ये, बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फोन ग्रेफे यांनी या विषयावर ग्रंथच लिहिला. पुण्याहून लंडनला आणि लंडनहून बर्लिनला पोचलेल्या त्या विद्येच्या शहरातच जाक जोसेफ यांनी आपले दुकान मांडले होते. आपल्या ग्रंथात त्यांनी या भारतीय पद्धतीला रीतसर जागा दिली आहे. ज्याच्या हातून हे सारे सुरू झाले त्या कारागिराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

पुण्याच्या कारागिराची कला होती नसलेले नाक उभे करण्याची. जोसेफ यांच्यापुढे येणारी बहुतेक नाके जागेवर होती, पण बिघडलेली. त्यांतला मोठा वर्ग जुन्या मोडक्या नाकांचा. हा प्रकार घरोघरचा असल्याने थोडा समजून घेऊ.

नाकाचा वरचा तिसरा भाग तेवढा हाडाचा, बाकी सगळी कूर्चा. मध्ये पडदा, तोही पुढे कुर्चेचा आणि मागे हाडाचा. लहानपणी पोर झोपाळ्यावरून तोंडावर पडते, क्रिकेटचा चेंडू बसतो, स्कूटर घसरते. नाकातून रक्त येते, ते थांबले की घरातले सुटकेचा निःश्वास सोडतात. तासाभरात सूज चढते आणि ती नेमकी खालची मोडतोड झाकून टाकते. सूज उतरल्यावर, म्हणजे चार-पाच दिवसांनी, कुणीतरी म्हणते, नाक जरा डावीकडे दिसते का रे? त्या वेळी डॉक्टरकडे गेले तर काम सोपे असते. आठवडा-दोन आठवड्यांच्या आत हाड अजून सुटे असते, ते दाबून जागी आणता येते. दोन-तीन आठवडे उलटले की हाड आहे त्या जागी जुळते आणि मग वाकडेपणा कायमचा. पडद्याच्या आत रक्त साकळले आणि ते वेळेवर काढले नाही, तर कुर्चा विरघळून नाक मध्येच घोड्याच्या खोगिरासारखे खचते. नुसत्या दिसण्याचाही हा प्रश्न राहत नाही. एका नाकपुडीने श्वास येईनासा होतो, रात्री तोंड उघडे, घोरणे, सकाळी घशाला कोरड.

जुळलेले वाकडे हाड सरळ कसे करायचे? ते पुन्हा मोडून! वोल्फ यांच्याकडे जे मांडीच्या आणि पायाच्या हाडांवर शिकले, ते जोसेफ यांनी अंगठ्याएवढ्या हाडावर आणले. नाकपुडीच्या आत छोटा छेद. त्यातून चपटी पट्टी सरकवून कातडी आणि हाडावरचे आवरण अलगद सुटे करायचे. मग बारीक दातांची, वाकड्या मुठीची करवत आत घालून वरचा उंचवटा कापायचा. एवढ्यावर थांबले तर नाकाचा माथा छपराचे कौल काढल्यासारखा उघडा आणि सपाट राहतो. म्हणून दोन्ही बाजूंची हाडे गालाशी, मुळाशी कापायची आणि आत दाबून पुन्हा एकमेकांना भिडवायची. नाक एका बाजूला कललेले असेल तर एक बाजू लांब आणि एक आखूड झालेली असते. तेव्हा लांब बाजूतून पाचरीएवढे हाड काढून घ्यायचे, म्हणजे नाक मध्यावर यायला जागा होते. मग हाडे जुळेपर्यंत बाहेरून चिमट्यासारखे साधन लावायचे, तेही जोसेफ यांनीच घडवलेले. खचलेल्या नाकात उंची आणण्यासाठी त्यांनी पायाच्या नळीचे हाड वापरून पाहिले आणि पुढे चक्क हस्तिदंत घडवून बसवला.

हे सारे कातडीखाली, डोळ्यांना न दिसता, बोटांच्या अंदाजाने. एक्स-रेचा शोध नुकता लागलेला. जोसेफ मोजमापाचे पक्के होते. चेहऱ्याच्या रेषेशी नाकाचा कोन किती असावा याचा त्यांनी आडाखा बांधला होता, सुमारे तीस अंशांचा. आधीची आणि नंतरची छायाचित्रे, रेखाटने, साचे यांचा त्यांच्याकडे ढीग असे. सोनाराच्या पेढीवर असतो तसा काटा प्रत्येक चेहऱ्याला लावला जाई.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि या नाजूक कलेला भयंकर काम मिळाले. खंदकात सैनिकाचे शरीर मातीआड आणि डोके वर. तोफगोळ्यांचे तुकडे नेमके चेहऱ्यावर येत. जबडे, गाल, नाके उडालेले तरुण गाड्या भरभरून परत येऊ लागले. तिकडे इंग्लंडमध्ये न्यूझीलंडहून आलेले हॅरल्ड गिलीज हेच काम करत होते, इकडे बर्लिनमध्ये जोसेफ. दोघे एकमेकांच्या शत्रुराष्ट्रांतले, पण समोरचे चेहरे तेच. जोसेफ यांनी एका तुर्की सैनिकाचा उद्ध्वस्त झालेला चेहरा एकामागून एक शस्त्रक्रिया करून पुन्हा माणसांत आणण्याजोगा केला. ती हकीकत त्या काळी फार गाजली.

कीर्ती थेट कैसर विल्हेल्मपर्यंत पोचली. चरित्रकार सांगतात की कैसरने त्यांना शारिटे या नामांकित रुग्णालयात प्राध्यापकपद देऊ केले, फक्त एका अटीवर. जोसेफ यांनी ख्रिस्ती व्हावे. त्या काळात नोकरीसाठी, बढतीसाठी बाप्तिस्मा घेणारे ज्यू विद्वान काही थोडे नव्हते आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. जोसेफ काही कर्मठ नव्हते. नाव त्यांनी विद्यार्थिदशेतच बदलले होते, जर्मन तरुणांसारखा गालावर वार झेलला होता. पण रब्बीच्या या मुलाने कैसरला नकार दिला. नाव बदलणे ही त्यांची हौस होती, धर्म बदलणे हा सौदा झाला असता. गंमत अशी, की युद्धाची गरज धर्मापेक्षा मोठी ठरली. १९१६ मध्ये शारिटेच्या नाक-कान-घसा विभागात चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांसाठी खास कक्ष उघडला गेला आणि त्याचे प्रमुख म्हणून जोसेफ यांनाच बोलवावे लागले. १९१९ मध्ये प्राध्यापक ही पदवीही मिळाली, धर्म न बदलता.

युद्ध संपले, पैसा संपला आणि काही वर्षांत तो कक्ष बंद झाला. जोसेफ आपल्या खासगी दवाखान्यात परतले. आता जगभरातून रुग्ण येत. त्यांच्याबरोबर डॉक्टरही येत, हॅट हातात घेऊन, शिकायला. शिकवण्याच्या बाबतीत मात्र जोसेफ उदार नव्हते. पाहुण्या डॉक्टरांकडून ते चांगली फी घेत, शस्त्रक्रिया करताना क्वचितच बोलत आणि आतल्या खुब्या ज्याने त्याने पाहून उचलाव्यात असा खाक्या. आपल्याकडच्या जुन्या गवयांची आठवण व्हावी! तरीही गुस्ताव आउफ्रिख्ट, जोसेफ सॅफियन, जाक मालिनियाक यांच्यासारखे जिद्दी शिष्य तिथून विद्या घेऊन न्यूयॉर्कला पोचले. अमेरिकेतली प्लॅस्टिक सर्जनांची संघटना १९३१ साली उभी राहिली, तिच्या उभारणीत मालिनियाक आणि आउफ्रिख्ट पुढे होते.

फीच्या बाबतीत एक अपवाद होता. बर्लिनमध्ये ज्यूद्वेष्ट्यांची व्यंगचित्रे नाक्यानाक्यावर विकली जात आणि त्या प्रत्येक चित्रात एक आकडेबाज मोठे नाक असे. त्यामुळे अनेक ज्यू तरुण-तरुणींना आपले नाक हा चेहऱ्यावर लावलेला शिक्का वाटू लागला होता. अशी गरीब मुले आली की जोसेफ नाममात्र पैशांत किंवा फुकटही शस्त्रक्रिया करत. इथे थोडे अवघडल्यासारखे होते खरे. मोडलेले नाक सरळ करणे वेगळे आणि आजोबांकडून आलेले, धडधाकट नाक जमावाच्या भीतीने बदलून घेणे वेगळे. बदलायचे काय होते, नाक की शहर? पण समोर सोळा-सतरा वर्षांची मुलगी रडत बसलेली असताना शहर बदलण्याची वाट कोण पाहणार? स्वतः धर्म सोडायला ठाम नकार देणारे जोसेफ या मुलांच्या बाबतीत मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. मला यात विसंगती वाटत नाही. त्यांच्यावर कुणी हसत नव्हते, या मुलांवर हसत होते.

आयुष्यभराचे सारे ज्ञान त्यांनी एका जाडजूड जर्मन ग्रंथात ओतले. १९२८ पासून भागाभागाने निघालेला हा ग्रंथ १९३१ मध्ये पूर्ण झाला. त्यात सतराशेहून अधिक चित्रे आहेत. जे तोंडाने सांगितले नाही ते सगळे त्यांनी तिथे चित्रांतून सांगून टाकले. इंग्रजीत तो संपूर्ण यायला १९८७ साल उजाडले. पण तोवर, जर्मन न येणाऱ्या कित्येक सर्जनांनी नुसती चित्रे पाहून विद्या मिळवली होती.

ग्रंथ पूर्ण झाला आणि दोन वर्षांच्या आत, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यू डॉक्टरांना सरकारमान्य विमा योजनेतून बाहेर काढण्याचा आदेश निघाला. बर्लिनच्या डॉक्टरांत ज्यूंचे प्रमाण फार मोठे होते. एकेका दवाखान्याच्या दारावर पाट्या लागल्या, रुग्ण तुटले, सहकारी ओळख दाखवेनासे झाले. शिष्य अमेरिकेत स्थिरावलेले होते. पण अडुसष्ट वर्षांच्या जोसेफ यांनी बर्लिन सोडले नाही. १२ फेब्रुवारी १९३४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पुढची अकरा वर्षे त्यांना पाहावी लागली नाहीत.

मुंबई-पुण्याच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आज नाकाची शस्त्रक्रिया चालू असेल, तर टेबलाशेजारच्या ताटात एक अरुंद, चपट्या पात्याची पोलादी पट्टी ठेवलेली दिसेल. कातडी आणि हाडावरचे आवरण सुटे करण्याची. तिच्या घडणीत शंभर वर्षांत फारसा फरक पडलेला नाही. सर्जन मास्कआडून हात पुढे करतो आणि परिचारिकेकडे नुसते ‘जोसेफ’ मागतो. ती मागे वळून न पाहता नेमकी तीच पट्टी त्याच्या हातात देते.